पाळी कोणाची? प्रोसेसरच्या वेळेची न्याय्य वाटणी

कल्याण जंक्शनच्या पुढे मध्य रेल्वेचे दोन फाटे होतात. एक कसाऱ्याकडे जातो. दुसरा विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्थानके घेत कर्जतकडे वळतो. मुंबईपासून कल्याणपर्यंत किमान चार मार्ग आहेत. या दुसऱ्या फाट्यावर मात्र जायला एक आणि यायला एक असे दोनच. संध्याकाळच्या गर्दीत बदलापूर आणि कर्जत लोकल, पुण्याला निघालेली डेक्कन क्वीन, लांब पल्ल्याच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या या सगळ्यांना त्याच एका डाऊन मार्गावरून पुढे सरकायचे असते. लोकल सिग्नलला थांबते, मेल पुढे काढली जाते, आणि दाराशी उभ्या असलेल्या प्रवाशांना रोजचाच प्रश्न पडतो : आधी कोणी जायचे, हे ठरते कसे?

त्याच डब्यातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये हाच प्रश्न दर सेकंदाला शेकडो वेळा सुटत असतो. गाणे वाजते आहे, मेसेज येत आहेत, मागे एखादे ॲप स्वतःला अपडेट करते आहे, बोट फिरवले की पडदा सरकतो आहे. कामे इतकी आणि ती करणारी यंत्रणा मोजकी. तरीही गाणे तुटत नाही आणि पडदा अडखळत नाही. ही वाटणी ऑपरेटिंग सिस्टीममधला ‘शेड्युलर’ नावाचा भाग करतो.

प्रोसेस, थ्रेड आणि कोअर

चालू स्थितीतल्या प्रोग्रामला ‘प्रोसेस’ म्हणतात. प्रत्येक प्रोसेसला स्मृतीतली स्वतःची जागा असते आणि दुसरी प्रोसेस तिथे ढवळाढवळ करू शकत नाही. एकाच प्रोसेसच्या आत कामाचे अनेक धागे समांतर चालू शकतात. त्या प्रत्येकाला ‘थ्रेड’ म्हणतात. ब्राउझरमध्ये एक थ्रेड पान रेखाटतो, दुसरा नेटवर्कवरून माहिती आणतो, तिसरा आवाज सांभाळतो. प्रत्यक्ष आकडेमोड करणाऱ्या भागाला ‘कोअर’ म्हणतात. साध्या रचनेचा कोअर एका क्षणी एकच थ्रेड चालवू शकतो, जसा रुळाच्या एका तुकड्यावर एका वेळी एकच गाडी राहू शकते.

कोणताही थ्रेड तीनपैकी एका अवस्थेत असतो. तो कोअरवर चालू असतो, किंवा तयार होऊन पाळीची वाट पाहत असतो, किंवा कशासाठी तरी थांबलेला असतो : कळ दाबली जाण्यासाठी, डिस्कवरून फाइल येण्यासाठी, नेटवर्कवरून उत्तर येण्यासाठी. संगणकात हजारभर थ्रेड असले, तरी बहुतेक सगळे बहुतेक वेळ या तिसऱ्या अवस्थेत असतात. फलाटावर न आलेल्या गाडीला मार्ग द्यावा लागत नाही, तसा झोपलेल्या थ्रेडला कोअर द्यावा लागत नाही. शेड्युलरची खरी कसोटी लागते ती तयार थ्रेडांची संख्या कोअरपेक्षा जास्त झाल्यावर.

आधी आला त्याला आधी

सर्वांत सोपा नियम रांगेचा. जो आधी आला, त्याचे काम पूर्ण करायचे आणि मग पुढच्याचे. सुरुवातीचे मोठे संगणक साधारण असेच चालत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. त्या पिढीच्या यंत्रांवर काम द्यायचे म्हणजे छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा सोपवायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. प्रोग्राममध्ये एक खूण चुकली असली, तरी ते कळायला पाळी येईपर्यंत थांबावे लागे.

रांगेत अन्याय दिसत नाही, पण तो असतो. दहा मिनिटांच्या कामामागे दहा सेकंदांची पाच कामे उभी राहिली, तर सगळ्यांची रखडपट्टी होते. संथ मालगाडी कल्याणहून आधी निघाली की तिच्यामागच्या लोकलचे असेच होते, कारण बदलापूरपर्यंत मागच्या गाडीला पुढे काढायला जागा फारशी नाही. मालगाडीला मधल्या रुळावरून उचलून बाजूला ठेवता येत नाही. एकदा मार्ग दिला की तो तिचाच. संगणकशास्त्रात या रखडण्याला ‘ताफ्याचा परिणाम’ म्हणतात.

मधूनच थांबवण्याची सोय

संगणक रेल्वेपासून वेगळा होतो तो इथे. चालू थ्रेडला अर्ध्यातच थांबवून दुसऱ्याला बसवता येते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोरबाटो आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच संगणकाला अनेक टर्मिनले जोडलेली आणि प्रत्येकाला वेळेचा छोटा तुकडा आळीपाळीने मिळणार, अशी ती रचना होती. पुढे १९९० मध्ये कोरबाटो यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला, त्यात या कामाचा मोठा वाटा होता.

हे साधते ते एका घड्याळामुळे. प्रोसेसरजवळचा टायमर ठरावीक अंतराने ‘इंटरप्ट’ म्हणजे व्यत्ययाचा इशारा पाठवतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर हा इशारा जुळणीनुसार सेकंदाला १००, २५० किंवा १००० वेळा येतो. इशारा आला की चालू थ्रेड जिथे असेल तिथे थांबतो आणि ताबा ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे जातो. थ्रेडची परवानगी कोणी विचारत नाही. एखादा प्रोग्राम चुकीमुळे अखंड फेऱ्या मारत बसला, तरी सगळा संगणक त्याच्या हाती जात नाही, तो याच सोयीमुळे.

थांबवलेल्या थ्रेडला पुढे जणू काही घडलेच नाही अशा रीतीने चालू करायचे असते. म्हणून कोअरमधले त्याचे सगळे तात्पुरते आकडे आणि तो प्रोग्रामच्या कोणत्या ओळीवर होता ती नोंद स्मृतीत जपली जाते, आणि पाळी आलेल्या थ्रेडची नोंद कोअरमध्ये भरली जाते. या अदलाबदलीला ‘कॉन्टेक्स्ट स्विच’ म्हणतात.

पाळी किती मोठी असावी?

अदलाबदल फुकट होत नाही. नोंदी जपायला वेळ लागतोच, शिवाय कोअरजवळच्या छोट्या वेगवान स्मृतीत, म्हणजे ‘कॅश’मध्ये, आधीच्या थ्रेडची माहिती भरलेली असते. नव्या थ्रेडला आपली माहिती तिथे पुन्हा आणावी लागते आणि तोवर तो संथ चालतो.

समजा, अदलाबदलीत एका मिलिसेकंदाचा दहावा भाग खर्च होतो. पाळी १ मिलिसेकंदाची ठेवली, तर जवळपास ९ टक्के वेळ नुसत्या अदलाबदलीत जाईल. पाळी १० मिलिसेकंदांची केली, तर हा खर्च १ टक्क्यावर येतो. पण तयार थ्रेड १०० असतील, तर प्रत्येकाची पुढची पाळी जवळपास एक सेकंदाने येईल. कळ दाबल्यावर अक्षर उमटायला एक सेकंद लागणे कोणालाही सहन होणार नाही. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, आजच्या प्रोसेसरवर प्रत्यक्ष खर्च पुष्कळ कमी असतो. पण ओढाताण खरी आहे : पाळी लहान केली की प्रतिसाद सुधारतो आणि कामाचा एकूण उरक घटतो. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

अग्रक्रम आणि उपासमार

सर्वांना सारखी पाळी देणे न्यायाचे वाटते, पण कामे सारखी नसतात. टंकलेखनाच्या प्रोग्रामला एका अक्षरापुरता क्षणभर कोअर हवा असतो. व्हिडिओचे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला मिळेल तितका वेळ हवा असतो, पण तो घाईत नसतो. नुसत्या आळीपाळीत पहिल्याने आपली पाळी क्षणात सोडली, तरी पुढच्या अक्षरासाठी त्याला पुन्हा रांगेच्या शेवटी जावे लागते.

सीटीएसएसमध्ये यावर तोड काढली गेली : रांगा अनेक ठेवायच्या. पूर्ण पाळी खाऊन टाकणारे काम खालच्या रांगेत ढकलायचे, थोडक्यात आटोपणारे वर ठेवायचे, आणि वरची रांग रिकामी असेल तेव्हाच खालचीकडे वळायचे. कोणते काम कसे आहे हे आधी विचारावे लागत नाही. त्याच्या वागण्यावरून ते कळते.

अग्रक्रमाच्या या पद्धतीला एक गंभीर धोका चिकटलेला आहे. वरची कामे सतत येत राहिली, तर खालच्याची पाळी कधीच येत नाही. याला ‘स्टार्व्हेशन’, म्हणजे उपासमार, म्हणतात. प्रत्येक निर्णय तेवढ्यापुरता बरोबरच असतो, कारण त्या क्षणी वरचे काम खरेच महत्त्वाचे असते. पण बरोबर निर्णयांची बेरीज एकाच्या वाट्याला कायमची प्रतीक्षा म्हणून येते. प्रत्येक मेल लोकलच्या आधी सोडण्याला कारण असते. तरी बदलापूरला रोज उशिरा पोचणाऱ्यासाठी त्या कारणांची बेरीज घरच्या वेळेतून वजा होते, आणि हे नुकसान लहान नाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे जितका काळ थांबावे लागेल तितका अग्रक्रम वाढवत नेणे. विंडोजमध्ये थ्रेडांना ० ते ३१ असे अग्रक्रम असतात. तयार असूनही सुमारे ४ सेकंद पाळी न मिळालेले थ्रेड तिथली एक देखरेख करणारी यंत्रणा शोधते आणि त्यांना तात्पुरते थेट १५ व्या पातळीवर उचलते. थोडा वेळ मिळाला की ते मूळ जागी परततात.

काही कामांना मात्र कोणाच्याही आधी जाऊ द्यावेच लागते. अपघाताच्या जागी निघालेल्या मदतगाडीसाठी रेल्वे इतर सर्व गाड्या थांबवते, तसा ‘रिअल-टाइम’ थ्रेड इतर सर्वांना बाजूला सारतो. असा थ्रेडच बिघडला तर? लिनक्समध्ये अनेक वर्षे मूळ नियम असा होता की, रिअल-टाइम थ्रेडांनी मिळून दर सेकंदातले जास्तीत जास्त ०.९५ सेकंद घ्यावेत. उरलेला विसावा भाग इतरांचा. बिघडलेला थ्रेड बंद करण्याची आज्ञा देता यावी, एवढा तरी वेळ त्यातून शिल्लक राहतो.

हिशेब ठेवणारा शेड्युलर

रांगा आणि अग्रक्रम यांत एक कच्चा दुवा राहतो. कोणते काम ‘चटकन आटोपणारे’ आणि कोणते ‘खादाड’, याचा अंदाज बांधावा लागतो आणि तो चुकतो. पाळी संपायच्या क्षणभर आधी मुद्दाम थांबणारा चलाख प्रोग्राम वरच्या रांगेत ठाण मांडून बसू शकतो. २००० नंतरच्या दशकात लिनक्सच्या शेड्युलरमध्ये असे अंदाज बांधणारे नियम साचत गेले होते आणि त्यांची गुंतागुंत वाढली होती.

ऑस्ट्रेलियातील कॉन कोलिव्हास यांनी अंदाज बाजूला ठेवून निव्वळ न्याय्य वाटणीवर शेड्युलर चालू शकतो, हे दाखवून दिले. ते पेशाने भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. त्या कल्पनेपासून प्रेरणा घेऊन इंगो मोल्नार यांनी ‘कम्प्लीटली फेअर शेड्युलर’, संक्षेपाने सीएफएस, लिहिला. ऑक्टोबर २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२३ या आवृत्तीत तो आला आणि पुढची सोळा वर्षे सर्व्हरांपासून अँड्रॉइड फोनांपर्यंत सर्वत्र चालला.

त्याचे मूळ तत्त्व एका वाक्यात मावते : ज्याला आतापर्यंत सर्वांत कमी वेळ मिळाला आहे, त्याची पाळी पुढची. प्रत्येक थ्रेडने कोअरवर किती वेळ घालवला याचा आकडा नॅनोसेकंदांत ठेवला जातो. चालू थ्रेडचा आकडा वाढत जातो, थांबलेल्यांचे आहेत तिथेच राहतात. चालू थ्रेड इतरांच्या पुरेसा पुढे गेला की त्याला उतरवून सर्वांत मागे असलेल्याला चढवले जाते. सगळे आकडे अशा क्रमवार रचनेत ठेवलेले असतात की सर्वांत लहान आकडा शोधावा लागत नाही, तो हाताशीच असतो.

या रचनेत टंकलेखनाच्या प्रोग्रामला आपोआप न्याय मिळतो. तो बहुतेक वेळ झोपलेला असल्याने त्याचा आकडा लहान राहतो. कळ दाबली जाताच तो सर्वांत मागे असल्याचे दिसते आणि पाळी मिळते. पाळी अर्धवट सोडण्याच्या चलाखीने काहीच हाती लागत नाही, कारण मोजला जातो तो प्रत्यक्ष वापरलेला वेळ. एक पथ्य मात्र पाळावे लागते. तासभर झोपलेला थ्रेड जागा झाल्यावर तासाभराची थकबाकी मागू लागला, तर इतर सगळे खोळंबतील. म्हणून जागा होताना त्याचा आकडा बाकीच्यांच्या जवळपास आणून ठेवला जातो. जुनी झोप हक्क म्हणून साठवता येत नाही.

चौकट : पाऊण आणि पाव

*काही कामांना मुद्दाम जास्त वाटा द्यायचा असतो. त्यासाठी लिनक्समध्ये ‘नाइस’ नावाचा आकडा असतो, उणे २० ते अधिक १९. आकडा जितका लहान, तितका वाटा मोठा. प्रत्येक आकड्याला एक वजन ठरलेले आहे : नाइस ० चे वजन १०२४, नाइस ५ चे ३३५. असे दोन थ्रेड एका कोअरवर सतत चालू राहू पाहत असतील, तर वजनांची बेरीज १३५९ होते. पहिल्याला १०२४ भाग, म्हणजे सुमारे ७५ टक्के वेळ मिळतो. दुसऱ्याला सुमारे २५ टक्के. हिशेबात हे असे साधले जाते की, जड थ्रेडचा आकडा सावकाश वाढतो आणि हलक्याचा भराभर. कमी वाटा असलेल्यालाही त्याचा पाव मिळतोच. उपासमार होत नाही.*

वाटा पुरेसा, पण वेळेवर?

सीएफएस वाट्याची हमी देत असे, वेळेची नाही. दोन थ्रेडांना दर सेकंदाला सारखाच वाटा हवा असेल, तरी त्यांच्या गरजा वेगळ्या असू शकतात. आवाज सांभाळणाऱ्या थ्रेडला थोडा थोडा वेळ वारंवार हवा असतो. आकडेमोड करणाऱ्याला उशिरा मिळाला तरी चालतो, पण सलग हवा असतो. प्रवाशाच्या लेखीही दिवसभरात किती लोकल सुटल्या याला अर्थ थोडा. सकाळी कामावर जायच्या वेळी किती अंतराने येतात, ते महत्त्वाचे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये लिनक्सच्या ६.६ या आवृत्तीत पीटर झिल्स्ट्रा यांनी सीएफएसची निवडपद्धत बदलली. नव्या पद्धतीला संक्षेपाने ईईव्हीडीएफ म्हणतात. तिचे गणित इऑन स्टॉइका आणि हुसेन अब्देल-वहाब यांनी १९९५ मध्येच मांडलेले होते. यात दोन प्रश्न विचारले जातात. पहिला : या थ्रेडचे येणे बाकी आहे का? आदर्श वाटणीत जितका वेळ मिळायला हवा होता, त्याहून जास्त ज्याने आधीच घेतला आहे, तो या फेरीत पात्र नसतो. दुसरा : पात्र असलेल्यांपैकी कोणाची मुदत आधी संपते? प्रत्येक थ्रेडला आपली पाळी किती लांबीची हवी हे सांगता येते. लहान पाळी मागणाऱ्याची मुदत लवकर येते, म्हणून तो लवकर निवडला जातो. पण त्याचा एकूण वाटा त्यामुळे वाढत नाही. घाई आणि हाव यांना वेगळे करणारी ही मांडणी शेड्युलिंगच्या इतिहासातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी आहे.

मंगळावरची कोंडी

शेड्युलर निर्दोष असला, तरी थ्रेड एकमेकांत अडकू शकतात. ४ जुलै १९९७ रोजी ‘मार्स पाथफाइंडर’ हे यान मंगळावर उतरले आणि काही दिवसांत त्याचा संगणक पुन्हा पुन्हा स्वतःला नव्याने सुरू करू लागला. त्यावर माहितीच्या देवाणघेवाणीचे काम वरच्या अग्रक्रमाचे होते आणि हवामानाच्या नोंदी घेणारे खालच्या. दोघेही एक सामाईक साधन वापरत. ते एका वेळी एकाच्याच हाती राहावे, यासाठी त्याला कुलूप होते. कधी कधी हवामानाच्या कामाने कुलूप घेतलेले असतानाच मधल्या अग्रक्रमाची कामे येत आणि त्याला बाजूला सारत. कुलूप सुटत नसे, आणि ज्याला आधी जायचे ते काम मधल्यांच्या मागे खोळंबून राही. काम वेळेत झाले नाही हे पाहून देखरेखीची यंत्रणा संगणक नव्याने सुरू करी.

पृथ्वीवरच्या अभियंत्यांनी तशाच संगणकावर हा प्रकार घडवून पाहिला आणि एक सोय दुरून चालू केली. कुलूप धरून बसलेल्या कामाला, त्याच्यामागे थांबलेल्यांपैकी सर्वांत वरचा अग्रक्रम तेवढ्यापुरता बहाल करायचा, ही ती सोय. पुढची गाडी हटल्याशिवाय मागची मेल जाऊ शकत नसेल, तर पुढच्या गाडीलाच आधी वाट मोकळी करून द्यायची.

मार्ग वाढले तरी

कल्याण–बदलापूर या सुमारे १४ किलोमीटरच्या टप्प्यात तिसरा आणि चौथा मार्ग टाकण्याचा प्रकल्प मार्च २०१९ मध्ये मंजूर झालेल्या मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या ३-अ या टप्प्यात आहे. प्रोसेसरांनी ही वाट आधीच धरली. एका चिपवर दोन, चार, आठ कोअर आले. पण कोअर वाढल्यावर वाटणीचा प्रश्न संपत नाही, त्याचे रूप बदलते.

सर्वांसाठी एकच रांग ठेवली, तर सगळे कोअर तिच्यापाशी एकमेकांना अडवतात. म्हणून प्रत्येक कोअरची रांग वेगळी असते आणि अधूनमधून लांब रांगेतले थ्रेड आखूड रांगेत हलवले जातात. हलवण्यातही तोटा आहे : थ्रेडची माहिती जुन्या कोअरच्या कॅशमध्ये राहून जाते. त्यामुळे शेड्युलर शक्यतो थ्रेडला जुन्याच जागी ठेवू पाहतो. हा तोल चुकतोही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लिनक्सच्या तेव्हाच्या शेड्युलरमधले असे दोष सापडले होते की, एकीकडे थ्रेड पाळीसाठी थांबलेले असताना दुसरीकडे कोअर रिकामे राहत.

फोनमध्ये आणखी एक अडचण असते. तिथले कोअर सारखे नसतात. काही वेगवान पण बॅटरी खाणारे, काही संथ पण काटकसरी. कोणता थ्रेड कुठे चालवला म्हणजे काम वेळेत होईल आणि वीजही वाचेल, याचा हिशेब २०१९ च्या लिनक्स ५.० पासून मूळ शेड्युलरमध्येच आहे.

वाटणी कोणाकोणांत?

आतापर्यंत प्रत्येक थ्रेडला एक दावेदार धरले. पण एका प्रोग्रामने शंभर थ्रेड उघडले आणि दुसऱ्याने एकच, तर थ्रेडागणिक समान वाटणीत पहिला १०१ पैकी १०० भाग घेऊन जातो. थ्रेडांच्या पातळीवर हे न्याय्य आहे, माणसांच्या पातळीवर नाही. यासाठी लिनक्समध्ये थ्रेडांचे गट करता येतात. आधी गटांत वाटणी, मग प्रत्येक गटाच्या आत. अँड्रॉइड समोर उघडलेल्या ॲपला एका गटात आणि मागे चालणाऱ्यांना दुसऱ्या गटात ठेवते. मागच्या गटाला कमी कोअर आणि कमी वाटा मिळतो. एकाच सर्व्हरवर अनेक कंपन्यांची कामे चालवणाऱ्या क्लाउड सेवाही याच गटांवर उभ्या आहेत. तिथे वाटा पैसे मोजून ठरतो.

गटांच्या सीमा कुठे आखायच्या आणि कोणाला किती वजन द्यायचे, हे गणित सांगत नाही. ते यंत्र चालवणाऱ्याला ठरवावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१२ मध्ये या निर्णयाला आणखी मोकळीक मिळाली. ‘शेड-एक्स्ट’ या सोयीमुळे कर्नल न बदलता, यंत्र चालू असतानाच, स्वतः लिहिलेला शेड्युलर बसवता येतो. त्या शेड्युलरने एखाद्या थ्रेडला ठरलेल्या मुदतीत पाळीच दिली नाही, तर कर्नल त्याला काढून टाकतो आणि सगळे थ्रेड मूळ शेड्युलरच्या हवाली करतो.